शिकाऊ हेलिकॉप्टरची जुळवणी

उडणाऱ्या खेळण्यांमध्यें हेलिकॉप्टर हें सर्वांत हट्टी खेळणें होय. पतंगाला मांज्याचा आधार असतो; कागदी विमानाला पंख असतात; आणि लहान विमानाची मोटर ऐन हवेंत बंद पडली तरी तें तरंगत तरंगत कोठें तरी खालीं टेकतें. हेलिकॉप्टरचें तसें नाहीं. तें जें कांहीं उडतें तें फिरणाऱ्या पात्यांच्या बळावर, आणि पात्यांचा तोल यत्किंचित् बिघडला कीं सारें यंत्र एका बाजूस कलतें, जमिनीला घासतें आणि क्षणार्धांत पातीं मोडून बसतें. दिवाळीच्या सुटींत हौसेनें घरीं आणलेलें असें यंत्र भाऊबीजेच्या आंतच माळ्यावर जाऊन पडावें, यांत मुलाचा दोष थोडा आणि उतावीळपणाचा अधिक असतो. उडविण्यापूर्वीं जें जमिनीवर करावयाचें तें न केल्यामुळें तें उडत नाहीं, एवढेंच.

हें जमिनीवरचें काम कोणतें, तें कोणत्या क्रमानें करावें आणि त्यामागें कारण काय, हें समजून घेणें हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहूं. घरांत छताला टांगलेला विजेचा पंखा सर्वांच्या परिचयाचा आहे. पंख्याची मोटर पात्यांना एका दिशेस फिरविते, तेव्हां पातीं मोटरच्या अंगाला उलट दिशेस ढकलीत असतात. दांडी छताला घट्ट बसविलेली असते, म्हणून आपणांस तें दिसत नाहीं. तोच पंखा उलटा करून मोकळा हवेंत सोडला, तर पातीं एकीकडे आणि अंग दुसरीकडे असें गरगर फिरूं लागेल. हेलिकॉप्टरला छत नाहीं. म्हणून त्याच्या शेपटीला एक लहानसा पंखा उभा बसवितात. तो शेपटीला आडवें ढकलून अंगाचें फिरणें थांबवितो. कांहीं यंत्रांत शेपटीचा असा पंखा न ठेवतां एकाच आंसावर दोन पंखे एकावर एक बसवितात आणि ते परस्परविरुद्ध दिशांनीं फिरवितात. एकाचा ओढा दुसरा फेडतो.

दुसरी गोष्ट दिशेची. हेलिकॉप्टर पुढें न्यावयाचें तर फिरत्या पात्यांची थाळी पुढें झुकवावी लागते, आणि उजवीकडे न्यावयाचें तर उजवीकडे. हें झुकविण्याचें काम मुख्य दांड्याभोंवतीं बसविलेली एक तबकडी करते. तिला स्वॉशप्लेट म्हणतात. सर्व्हो नांवाच्या लहान मोटरी बारीक सळ्यांनीं ही तबकडी कलवितात, आणि तबकडीच्या कलण्याप्रमाणें प्रत्येक पात्याचा कोन फेरीच्या एका बाजूस वाढतो व दुसऱ्या बाजूस कमी होतो. येथें एक मौज आहे. फिरता भोंवरा बोटानें ढकलला तर तो ढकललेल्या बाजूस न कलतां आडव्या बाजूस कलतो, हें प्रत्येक मुलानें पाहिलेलें असतें. पात्यांचेंहि तसेंच. बळ जेथें लावावें तेथून सुमारें पाव फेरी पुढें गेल्यावर त्याचा परिणाम दिसतो. कारखानदारानें सळ्यांची मांडणी हा हिशेब धरूनच केलेली असते. म्हणून सळी 'तिरपी दिसते' एवढ्याच कारणावरून ती सरळ करावयास जाऊं नये.

बिनतारी लाटांनीं दूरची वस्तु चालविण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास भिंतीपलीकडील घंटा बिनतारी लाटांनीं वाजवून दाखविली होती. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी नाव दुरून चालवून दाखविली. पुढें हेलिकॉप्टरचा प्रश्न सोडविण्यासहि लहान प्रतिकृतीच उपयोगी पडली, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आर्थर यंग नांवाच्या अमेरिकन संशोधकानें दहा-बारा वर्षें केवळ लहान लहान प्रतिकृति करण्यांत घालविलीं. पुष्कळ मोडल्या, त्यांतून तो शिकला, आणि शेवटीं पात्यांच्या आंसाला काटकोनांत एक वजनदार दांडी बसविली असतां यंत्र हवेंत स्थिर राहतें, हें त्याच्या ध्यानीं आलें. १९४१ सालीं तो आपली प्रतिकृति घेऊन बेल कंपनीकडे गेला. आणि ८ मार्च १९४६ रोजीं त्याच्या आराखड्यावरून बनलेल्या बेल ४७ या हेलिकॉप्टरला नागरी उपयोगाचें प्रमाणपत्र मिळालें. असें प्रमाणपत्र मिळविणारें जगांतील तें पहिलें हेलिकॉप्टर. आज अनेक शिकाऊ खेळण्यांच्या डोक्यावर जी दोन टोकांस वजन असलेली दांडी फिरतांना दिसते, ती याच दांडीच्या कुळांतली. पुढें १९७० च्या सुमारास जर्मनींतील डीटर श्ल्यूटर यांनीं हौशी लोकांस चालवितां येईल असें बिनतारी हेलिकॉप्टर सिद्ध केलें, आणि तेव्हांपासून हा छंद जगभर पसरला.

आतां निवडीविषयीं. अगदीं नवशिक्यानें एकाच आंसावर दोन पंखे असलेलें यंत्र घ्यावें. तें मंद असतें, स्वभावानें स्थिर असतें आणि दिवाणखान्यांतहि चालतें. मात्र उघड्यावरचा वारा त्याला सोसत नाहीं. त्यावर हात बसल्यावर एक मुख्य पंखा व शेपटीचा पंखा असें यंत्र घ्यावें. त्यांतहि दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत पात्यांचा कोन ठराविक असतो व मोटरचा वेग वाढवून यंत्र उचलतात. दुसऱ्या प्रकारांत वेग जवळजवळ तोच ठेवून पात्यांचा कोन बदलतात. दुसरा प्रकार चपळ खरा, पण तो शिकाऊ हातासाठीं नव्हे. ज्याला सायकल येत नाहीं त्यानें शर्यतीचा घोडा विकत घेऊं नये.

यंत्र घरीं आल्यावर पहिला विचार बॅटरीचा करावा. हल्लीं या यंत्रांत लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी असते. हिच्या प्रत्येक घटाचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. याहून अधिक भरणें धोक्याचें, आणि ३ व्होल्टच्या खालीं उतरविणें म्हणजे घट कायमचा बिघडविणें. म्हणून यंत्राचा जोर कमी होतांच उतरावें. 'आणखी एक फेरी' हा मोह टाळावा. बॅटरी भरावयाची ती तिच्यासाठींच केलेल्या चार्जरवर, फरशीवर किंवा मातीच्या कुंडींत ठेवून, आणि कोणी तरी जवळ असतांना. रात्रीं भरावयास लावून निजणें ही संवय घरांत लागूं देऊं नये. बरेच दिवस यंत्र वापरावयाचें नसेल तर घट ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बॅटरी थंड जागीं ठेवावी. वऱ्हाडांत ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अशा दुपारीं बंद मोटारींत किंवा पत्र्याच्या खोलींत राहिलेली बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुनः वापरणें म्हणजे घरांत आग सांभाळणें होय.

यानंतर मेजावरचें काम. यांतील पहिला नियम असा कीं, जुळवणी करतांना मोटरच्या तारा सोडवून ठेवाव्या. पातीं फिरूं शकणार नाहींत अशी खात्री झाल्यावांचून यंत्राच्या डोक्याजवळ बोट नेऊं नये. दुसरा नियम क्रमाचा: प्रथम हातांतील ट्रान्समीटर चालू करावा, मग यंत्राची बॅटरी जोडावी, बंद करतांना प्रथम यंत्राची बॅटरी काढावी, मग ट्रान्समीटर बंद करावा. आज्ञा देणारा जागा नसतां आज्ञा पाळणाऱ्यास जागें ठेवूं नये, हें तत्त्व येथेंहि लागू पडतें. वेगाची काठी या वेळीं अगदीं खालीं असावी. बॅटरी जोडल्यावर कांहीं क्षण यंत्राला हात लावूं नये. त्याच्यांतील गायरो, म्हणजे वळण ओळखणारा भाग, त्या क्षणांत 'स्थिर म्हणजे काय' हें ठरवीत असतो. त्याच वेळीं मुलानें यंत्र उचललें, तर गायरोचा समज चुकीचा होतो आणि पुढें कितीहि ट्रिम दिला तरी यंत्र एकीकडे ओढत राहतें. हीच गोष्ट समतल जागेची. यंत्र उतरत्या गच्चीवर चालू करूं नये.

आतां ट्रिम म्हणजे काय तें सांगणें अवश्य आहे. ट्रान्समीटरच्या प्रत्येक काठीशेजारीं एक लहान कळ असते. काठी मध्यावर असतांहि यंत्र एका बाजूस जात असेल, तर ती कळ उलट दिशेस टिक-टिक सरकवून यंत्राचा 'मध्य' बदलतां येतो. तराजूच्या पारड्याला पासंग लावावा तसाच हा प्रकार. पण पासंग थोडा असावा. तराजूची दांडीच वाकडी असेल तर पासंगाचा ढीग लावण्यापेक्षां दांडी सरळ करणें शहाणपणाचें. म्हणून मेजावर सर्व ट्रिम मध्यावर आणून ठेवावे आणि मग यांत्रिक जुळवणी करावी. सर्व्होच्या दांड्याची भुजा सळीशीं काटकोन करते किंवा नाहीं, हें पाहावें. करीत नसल्यास भुजा काढून दुसऱ्या दांत्यावर बसवावी. मग स्वॉशप्लेट समोरून व बाजूनें पाहावी. ती मुख्य दांड्याशीं काटकोनांत नसेल, तर संबंधित सळीचें टोक अर्धी किंवा एक फेरी फिरवून सळी कमी-अधिक लांब करावी. एका वेळीं एकच सळी बदलावी व काय बदललें तें वहींत टिपून ठेवावें.

तबकडी सपाट झाल्यावर तोल पाहावा. मुख्य दांड्याच्या माथ्याशीं दोन बोटांनीं धरून यंत्र अधांतरीं उचलावें. तें नाक खालीं करीत असेल तर बॅटरी थोडी मागें, शेपूट खालीं करीत असेल तर थोडी पुढें सरकवावी. यंत्र आडवें राहिलें म्हणजे भार दांड्याखालीं आला असें समजावें. हा तोल न पाहतां ट्रिम देत बसणें म्हणजे एका बाजूस भार झालेल्या बैलगाडीच्या बैलाला दोष देणें होय.

मग दिशेची परीक्षा. काठी उजवीकडे नेली असतां तबकडी उजवीकडे कलली पाहिजे, पुढें नेली असतां पुढें. शेपटीच्या पात्यांचा कोन सर्व्होनें बदलणारें यंत्र असल्यास गायरोचीहि परीक्षा घ्यावी. प्रथम उजव्या वळणाची आज्ञा देऊन शेपटीचीं पातीं कोणत्या बाजूस वळतात तें पाहून ठेवावें. नंतर काठी सोडून यंत्राचें नाक हातानें झटकन् डावीकडे फिरवावें. शेपटीच्या पात्यांनीं आपण होऊन मघांच्याच बाजूस वळलें पाहिजे. तीं उलट वळलीं तर गायरो वळणाला आळा घालण्याऐवजीं त्याला भर देत आहे असें समजावें. असें यंत्र उडवावयास घेतल्यास तें जमीन सोडतांच भिंगरीसारखें फिरेल. गायरोवरील दिशा उलटविण्याची कळ फिरविली म्हणजे हा दोष जातो.

पात्यांची जुळणी हें शेवटचें आणि जोखमीचें काम. दोन्ही पातीं वजनानें सारखीं असावींत. नसल्यास हलक्या पात्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून तीं सारखीं करावींत. पातीं आपल्या खिळ्यांत इतपत घट्ट असावींत कीं यंत्र आडवें धरलें असतां आपोआप लोंबूं नयेत, पण बोटानें सहज हलावींत. यानंतर एका पात्याच्या टोकाला लाल व दुसऱ्याच्या टोकाला निळी पट्टी लावून मोकळ्या जागीं यंत्र फिरवावें आणि दुरून, पात्यांच्या पातळीपासून बाजूस उभें राहून पाहावें. दोन्ही टोकें एकाच रेषेंत फिरलीं तर ठीक. दोन रेषा दिसल्या तर वरच्या रेषेचा रंग कोणता तें ओळखून यंत्र पूर्ण थांबल्यावर त्या पात्याची सळी किंचित् कमी करावी. मोडक्या किंवा तडा गेलेल्या पात्याला डिंक लावून तें पुनः बसविणें सर्वथा वर्ज्य.

'दुरून' या शब्दावर भर देण्याचें कारण सांगितलें पाहिजे. सत्तर सेंटीमीटर व्यासाची पातीं मिनिटाला २४०० फेरे करीत असतील, तर त्यांच्या टोकाचा वेग ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक भरतो. चौतीस सेंटीमीटरच्या लहान यंत्रांतहि, मिनिटाला एकोणीसशें फेरे धरल्यास, तो ताशीं सव्वाशे किलोमीटरांच्या जवळ जातो. या वेगांत सुटलेला प्लास्टिकचा तुकडा डोळा घेण्यास पुरेसा आहे.

या संबंधांत वऱ्हाडांतील एक दुःखद घटना विसरतां येत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील महागांव तालुक्यांत फुलसावंगी नांवाचें गांव आहे. तेथील एका तरुण वेल्डरनें, शाळेचें शिक्षण फारसें नसतां, केवळ आपल्या कसबाच्या व जिद्दीच्या जोरावर माणूस बसूं शकेल असें हेलिकॉप्टर बांधावयास घेतलें होतें. ऑगस्ट २०२१ मध्यें एका रात्रीं तो त्यांत बसून जमिनीवरच चाचणी घेत असतांना शेपटीचें पातें तुटलें, तें मुख्य पात्यांवर आदळलें, आणि त्या आघातानें मुख्य पातें त्याच्या डोक्यास लागून त्याचा अंत झाला. त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. या तरुणाच्या धाडसाला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. असें कसब खेड्यांत उपजतें आणि त्याला वेळेवर प्रयोगशाळा, मापें व वडीलधारा जाणकार मिळत नाहीं, ही खंत मात्र ज्याची त्यानें मनांत बाळगावी. आर्थर यंगचींहि पातीं तुटलीं. पण तीं प्रतिकृतीचीं होतीं आणि तो दूर उभा होता. लहान यंत्राचें खरें मोल यांतच आहे. ज्या चुका मोठ्या यंत्रांत प्राण घेतात, त्या लहान यंत्रांत कांहीं रुपयांच्या पात्यावर भागतात. मात्र त्यासाठीं लहान यंत्राशींहि मोठ्या यंत्राच्याच अदबीनें वागलें पाहिजे. डोळ्यांवर चष्मा, अंगांत आखूड बाह्यांचे कपडे, यंत्रापासून निदान आठ-दहा पावलांचें अंतर, आणि लहान मुलें व कुत्रीं-मांजरें त्याहून दूर, हे नियम यंत्र कितीहि लहान असलें तरी पाळावे.

जागा व वेळ यांचाहि विचार हवा. गच्ची हें उडविण्याचें ठिकाण नव्हे. कठड्यावरून येणारा वारा तेथें भोंवरे करतो आणि खालीं रस्ता असतो. शाळेचें मोकळें पटांगण, किंवा पऱ्हाट्या उपटून झालेलें गांवाबाहेरचें शेत उत्तम. पण आपल्या काळ्या मातीची धूळ मोटरींत व दांत्यांत शिरते, म्हणून चार फूट लांब-रुंद प्लायवुडची फळी जमिनीवर टाकून तीवरून यंत्र उचलावें. वेळ सूर्योदयानंतरची. वारा तेव्हां पडलेला असतो आणि हवा थंड व म्हणून दाट असते. हिंवाळ्यांतील १२ अंशांच्या सकाळच्या मानानें मे महिन्यांतील ४४ अंशांच्या दुपारची हवा सुमारें एक दशांश विरळ असते. तितक्याच वेगानें फिरणारीं पातीं तितकाच भार मग उचलूं शकत नाहींत. वेग वाढवावा लागतो आणि बॅटरी लवकर संपते व तापते. अमरावतीस नीट उडणारें यंत्र चिखलदऱ्यास सुस्त वाटतें तेंहि याच कारणानें. तेथील उंची हजार मीटरांहून अधिक आहे आणि थंडावा असूनहि उंचीमुळें हवा विरळच असते. यंत्र बिघडलें असें समजून जुळवणी उसकटूं नये.

सरकारी नियमहि माहीत असावे. २५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या देशांत ड्रोन नियम, २०२१ अमलांत आले. मानवरहित उडत्या यंत्रांना, त्यांत हेलिकॉप्टरहि आलें, ते लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचीं यंत्रें 'नॅनो' आणि त्यापुढें २ किलोपर्यंतचीं 'मायक्रो' गणलीं जातात. नॅनो यंत्र चालविणाऱ्यास, तसेंच व्यापारी हेतूवांचून मायक्रो यंत्र चालविणाऱ्यास, चालकाचा परवाना लागत नाहीं. तथापि विमानतळाच्या आसपासची व इतर निषिद्ध जागा सरकारी नकाशांत तांबड्या व पिवळ्या रंगांनीं दाखविलेली असते, ती पाहूनच मैदान निवडावें. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्यें प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि अकोल्याजवळ शिवणी येथें विमानतळ आहे; या दोन्ही बाजूंस हौशी मंडळींनीं जाऊं नये हें बरें.

आतां प्रत्यक्ष उड्डाण. यंत्राच्या पायांखालीं एकमेकींस काटकोन करणाऱ्या दोन लांब हलक्या काड्या व त्यांच्या चार टोकांस चेंडू असा सांगाडा बांधावा. त्यामुळें यंत्र कललें तरी पातीं जमिनीस लागत नाहींत. यंत्राची शेपूट आपल्याकडे व नाक पुढें ठेवावें, म्हणजे त्याचा उजवा हात तोच आपला उजवा हात होतो. वेगाची काठी हळूहळू वर न्यावी आणि यंत्र हलकें होऊन पाय उचलूं कीं नको अशा अवस्थेंत आलें म्हणजे थांबावें. ट्रिमची पहिली ओळख येथें होते. नाक डावीकडे वळूं लागलें तर वळणाचा ट्रिम उजवीकडे दोन टिका द्यावा. यंत्र मागें घसरूं लागलें तर पुढचा ट्रिम द्यावा. प्रत्येक वेळीं प्रथम वेग उतरवून यंत्र टेकवावें, मग कळ सरकवावी, मग पुनः उचलावें. हवेंत असतांना काठीवरचा अंगठा काढून कळ शोधणें हें नवशिक्याचें काम नव्हे.

मात्र जमिनीलगत दिलेला ट्रिम अंतिम समजूं नये. पात्यांनीं खालीं ढकललेली हवा जमिनीवर आपटून पसरते, आणि यंत्र त्या हवेच्या उशीवर डळमळत असतें. पात्यांच्या व्यासाइतकी उंची गांठली म्हणजे ही उशी बहुतेक संपते. म्हणून धीर आल्यावर यंत्र निश्चयानें एक-दीड मीटर वर न्यावें, काठी मध्यावर सोडून तें कोठें सरकतें तें पाहावें, उतरावें आणि ट्रिम दुरुस्त करावा. असें पांच-सहा वेळां केल्यावर यंत्र क्षणभर जागच्याजागीं उभें राहूं लागतें. याहून अधिक अपेक्षा करूं नये. ट्रिम उत्तम लागला तरी हेलिकॉप्टर टेबलावरच्या तांब्यासारखें उभें राहत नाहीं, त्याला हाताची जाग सतत लागते.

एका गोष्टीनें पुष्कळजण गोंधळतात. एक मुख्य पंखा व शेपटीचा पंखा असलेल्या यंत्राला हवेंत स्थिर ठेवावयाचें तर तें किंचित् एका कुशीवर कललेलेंच ठेवावें लागतें. वरून पाहतां पातीं घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरत असतील, तर शेपटीचा पंखा यंत्राला सारखा डावीकडे ढकलीत असतो. तें ढकलणें फेडण्यासाठीं यंत्र थोडें उजवीकडे कलतें. हा दोष नव्हे. तें अगदीं सरळ दिसावें म्हणून ट्रिम बदलाल तर तें डावीकडे वाहत जाईल.

ट्रिमची कळ एका टोकास जाऊन भिडली आणि तरीहि यंत्र ओढतच राहिलें, तर दोष यंत्रांत आहे असें निश्चित समजावें. कळ मध्यावर आणून पुनः मेजावर यावें: तबकडी, भार, सळी यांतील कांहीं तरी हललेलें असतें. दिशा धरून ठेवणाऱ्या गायरोच्या यंत्रांत शेपटीची जुळवणीहि अशीच यांत्रिक रीतीनें करावी. तेथें ट्रिम दिल्यास यंत्र सावकाश फिरतच राहतें. शेपूट भराभर दोन्हीकडे थरथरत असेल तर गायरोची तीव्रता कमी करावी. ती मंदपणें भरकटत असेल तर वाढवावी. सगळें यंत्र कांपत असेल तर वांकलेला दांडा, असमान पातें किंवा दांत्यांत अडकलेला कचरा शोधावा. कांपणाऱ्या यंत्राला ट्रिम हें औषध नव्हे.

यापुढें अभ्यास. पहिले कित्येक दिवस शेपूट आपल्याकडे ठेवून केवळ एका जागीं तरंगावयास शिकावें. तें साधल्यावर यंत्राची कूस आपल्याकडे करावी, आणि सर्वांत शेवटीं नाक. नाक आपल्याकडे झालें म्हणजे त्याचें उजवें तें आपलें डावें होतें, आणि आरशांत पाहून कात्री चालवावी तसा हात फसतो. येथें घाई करणाऱ्यांचीं यंत्रें मोडतात. दररोज एक बॅटरी, फार तर दोन, आणि प्रत्येक उड्डाणानंतर वहींत दोन ओळी: हवा कशी होती, ट्रिम कोठें होता, काय बदललें. महिन्याभरानें ही वही कोणत्याहि छापील पुस्तकाहून अधिक शिकविते.

घरांतील वडील माणसांस एक विनंती करावीशी वाटते. असें यंत्र मुलाला देऊन 'मोडूं नकोस' एवढेंच सांगण्यापेक्षां पहिल्या दोन-चार सकाळीं त्याच्याबरोबर मैदानावर जावें. पातें मोडेल, तें मोडावयाचेंच. तें कां मोडलें याचा शोध मुलानें स्वतः घेतला, सळी स्वतः मोजली आणि पुढच्या वेळीं यंत्र दोन क्षण अधिक उभें राहिलें, तर त्या दोन क्षणांत त्याला बळ, तोल, हवा आणि धीर या चारहि गोष्टींचा पाठ एकदम मिळतो. फुलसावंगीसारख्या गांवांत असे हात पुष्कळ आहेत. शहरांतील ज्या घरांना हीं साधनें सहज मिळतात, त्यांनीं आपलीं वापरून झालेलीं यंत्रें, हत्यारें व वह्या एखाद्या खेड्यांतील शाळेकडे पोंचविल्या, तर कित्येक कसबी मुलांना आपले पहिले प्रयोग दहा पावलें दूर उभें राहून करतां येतील. आणि प्रयोग संपल्यावर, यंत्र कितीहि थकलेलें असो व मुलगा कितीहि भुकेलेला असो, आधीं बॅटरी काढावी आणि मगच घरची वाट धरावी.